हापूसची पेटी थेट ग्राहकाकडे: फोनवरून विक्री कशी बसवायची

वाशीच्या घाऊक बाजारातून आलेली पट्टी, म्हणजे अडत्याचा विक्रीचा हिशेब, वाचून झाली की बागायतदाराच्या मनात एकच विचार येतो: हाच आंबा पुण्या-मुंबईच्या माणसाला थेट दिला तर? विचार बरोबर आहे, पण त्याचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय फोन हातात घेऊ नका.

समजा पाच डझनांची, २५० ग्रॅमच्या आसपास फळाची पेटी वाशीत ३,००० ला गेली. पेटी, पेंढा, भाडं, हमाली आणि पट्टीतली इतर वजावट ६०० धरली, तर हातात २,४०० येतात, म्हणजे डझनाला ४८०. आता तोच आंबा दोन डझनांच्या खोक्यातून ८५० रुपये डझनाने घरपोच विकला. खोक्याचे १,७०० आले. त्यातून खोका ६०, कागद-पेंढा-टेप २०, गाडीभाडं १८०, भरणावळ ४० आणि खराब निघालेल्या फळांची भरपाई १०० वजा करा. उरले १,३००, म्हणजे डझनाला ६५०. फरक १७० रुपयांचा. शंभर डझन विकलेत तर १७,०००. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण फरक साधारण कितपत असतो ते लक्षात घ्या, कारण याच १७,००० मधून दोन महिने फोन उचलण्याची, पत्ते लिहिण्याची आणि रात्री दहाला गाडीवर खोके चढवण्याची मजुरी निघायची आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याचा खर्च आणि खराबी हिशेबात न धरता 'डबल भाव मिळतो' असं सांगणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

खरा फायदा तारखेत आहे. हंगामाच्या सुरुवातीला, पाडव्याच्या आसपास, आवक कमी असते आणि बाजारच चांगला भाव देतो. तो आंबा खुशाल वाशीला पाठवा. एप्रिलच्या मध्यापासून आवक चढते, मे महिन्यात बाजार घसरतो, पण घरपोच आंबा घेणाऱ्या कुटुंबाला दिलेला भाव तेवढा घसरत नाही. मुलांना सुट्ट्या लागलेल्या असतात, घरात पाहुणे असतात, आमरस हवाच असतो. म्हणून पहिल्या वर्षी थेट विक्री एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ठेवा आणि मालाच्या एक तृतीयांशापलीकडे नेऊ नका.

आधी झाडावरचा आंबा मोजा

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. फेब्रुवारीत मोहोर बघून बुकिंग घेतात, आणि एप्रिलमध्ये पेट्या कमी पडतात. मोहोरावरून अंदाज धरू नका. फळ गोटीएवढं होतं तेव्हा पहिला अंदाज, अंड्याएवढं झालं की दुसरा. दुसऱ्या अंदाजानंतरही अवकाळी पाऊस, वारा, उन्हाचा चटका आणि फळगळ बाकी असतेच. अंड्याएवढ्या फळाचा अंदाज ३०० डझन आला, तर त्यातला डागी, बारीक आणि वाकडा माल काढून घरपोच पाठवण्याजोगा १८० डझन धरा, आणि बुकिंग ११० डझनांपर्यंत थांबवा. उरलेला आंबा वाया जात नाही. जुने ग्राहक मे महिन्यात 'अजून आहे का' म्हणून विचारतातच. कॅनिंगचा, म्हणजे डबाबंद रसासाठी जाणारा, माल वेगळा काढून किलोवर द्या, तो घरपोच खोक्यात मिसळू नका.

फळधारणेपासून हापूस तयार व्हायला साधारण ११० ते १२० दिवस लागतात. मोहोर दोन-तीन टप्प्यांत येतो, म्हणून तोडही टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक टप्प्याला अंदाजे तारीख लावा आणि बुकिंग त्या टप्प्यावर घ्या: 'एप्रिलचा शेवटचा आठवडा', 'मेचा दुसरा आठवडा'. '२७ तारखेला पोचेल' असा शब्द देऊ नका.

फोन कसा लावायचा

विक्रीसाठी वेगळं सिमकार्ड घ्या. घरच्या नंबरावर लग्नाची आमंत्रणं, ग्रामपंचायतीचे संदेश आणि ऑर्डरी एकत्र झाल्या की ऑर्डर हमखास हुकते. त्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. ते फुकट आहे. तोच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. जुना नंबर हलवायचा असेल तर आधी बॅकअप घ्या.

प्रोफाइलमध्ये नाव, गाव, तालुका आणि फोन उचलण्याची वेळ लिहा. वेळ लिहिणं महत्त्वाचं, कारण तोड चालू असताना सकाळी तुम्ही झाडाखाली असता. 'सकाळी ११ नंतर उत्तर मिळेल' एवढं लिहिलं तरी निम्म्या तक्रारी कमी होतात. नव्या माणसाला आपोआप जाणारा स्वागत संदेश लावा. चौदा दिवस काहीच बोलणं न झालेल्या जुन्या ग्राहकालाही तो जातो, म्हणून त्यात 'आपण नवीन दिसता' असं काही नको.

कॅटलॉगमध्ये पाचच वस्तू ठेवा. एक डझन आणि दोन डझन असे दोन खोके, प्रत्येकी दोन आकारांत: २०० ते २५० ग्रॅम आणि २५० ते ३०० ग्रॅम. पाचवी वस्तू म्हणजे मिश्र आकाराचा, आमरसासाठीचा खोका. तो सगळ्यात जास्त खपतो. रस काढणाऱ्या घराला फळाचा देखणेपणा नको असतो, गोडी आणि भाव हवा असतो. वर्णनात 'प्रीमियम', 'एक्सपोर्ट क्वालिटी' असे शब्द लिहू नका. वजन लिहा: २५० ग्रॅमचं फळ, बारा नग, निव्वळ तीन किलो. ग्राहक घरी काट्यावर ठेवून बघतो.

फोटो सकाळी आठच्या सुमारास, पडवीतल्या सावलीत काढा. दुपारच्या उन्हात पिकलेला आंबा पांढरट दिसतो आणि कच्चा आंबा प्लॅस्टिकचा वाटतो. एक फोटो अख्ख्या खोक्याचा, एक फळ वजनकाट्यावर ठेवून आकडा दिसेल असा, आणि एक कापलेल्या फोडीचा. रंग गडद करणारे फिल्टर लावू नका. फोटोतला केशरी रंग आणि हातातला हिरवा आंबा यांत जेवढा फरक, तेवढे फोन येतील.

मग झटपट उत्तरं बनवून ठेवा. तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की पूर्ण मजकूर येतो. चार पुरतात. त्यातलं बुकिंगचं असं असू शकतं:

'नमस्कार. दोन डझनांचा खोका, फळ २५० ते ३०० ग्रॅम, घरपोच १,७०० रुपये. तोड मेच्या पहिल्या आठवड्यात. आंबा हिरवा येईल, घरी ५ ते ८ दिवसांत पिकेल. बुकिंगसाठी ५०० रुपये आगाऊ. पूर्ण नाव, इमारत, मजला, पिनकोड आणि दुसरा फोन नंबर पाठवावा.'

शेवटचा दुसरा नंबर विसरू नका. खोका येतो तेव्हा पहिला फोन कामाच्या मीटिंगमध्ये असतो.

संभाषणांना लेबलं लावा: बुकिंग, पैसे आले, रवाना, पिकला का, तक्रार. 'पिकला का' हे लेबल कुणी लावत नाही आणि तेच पुढच्या वर्षीची विक्री ठरवतं. ते कसं, ते पुढे येईल.

पहिले चाळीस ग्राहक

जाहिरात नंतर. आधी ओळखीची यादी काढा: मुंबईत असलेले गाववाले, भाच्याचं ऑफिस, गणपतीला गावी येणारे चाकरमानी. ब्रॉडकास्ट यादीतून एका वेळी २५६ जणांना संदेश जातो, पण ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो पोचतो. 'संदेश पाठवला, उत्तर कुणाचंच नाही' यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. म्हणून पहिल्या संभाषणातच 'नंबर सेव्ह करून ठेवा' असं सांगा. कुठून तरी मिळवलेल्या याद्यांवर संदेश टाकू नका. लोक तक्रार नोंदवतात आणि भर हंगामात नंबर बंद पडतो. तो परत मिळेपर्यंत आंबा थांबत नाही.

सगळ्यात किफायतशीर रस्ता सोसायटीचा आहे. ठाण्यातल्या किंवा कोथरूडमधल्या एका सोसायटीत दहा खोके एकत्र गेले तर भाडं निम्म्यावर येतं, कारण खर्च गावापासून शहरापर्यंतचा कमी आणि शहरातल्या दारोदार फिरण्याचा जास्त असतो. सोसायटीत एक माणूस ठरवा. दहा खोक्यांमागे त्याला एक डझन द्या आणि हे उघडपणे द्या. वार नक्की करा: सोमवारी ठाणे-मुलुंड, गुरुवारी पुणे. 'कधीही, कुठेही' असं केलं की पनवेलच्या एका खोक्यासाठी गाडी दोन तास अडकते.

फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पैसे भरून केलेल्या जाहिराती तेव्हाच करा, जेव्हा वीस-पंचवीस जुने ग्राहक दुसऱ्यांदा मागवतात. मग दिवसाला १५०-२०० रुपये, एकच शहर, त्यातही जिथे तुमची गाडी जाते तेवढाच भाग, आणि बटण थेट व्हॉट्सॲपवर उघडणारं. अख्ख्या महाराष्ट्राला जाहिरात दाखवली तर नागपूरहून चौकशा येतात आणि त्यांना नाही म्हणण्यातच संध्याकाळ जाते. महामार्गालगत स्टॉल असेल तर मात्र गूगल नकाशावर खूण नोंदवणं जाहिरातीपेक्षा जास्त कामाचं. फक्त खूण स्टॉलच्या खऱ्या जागी आहे का ते स्वतः गाडीने जाऊन तपासा.

पैसे

आगाऊ रक्कम यूपीआयने घ्या, उरलेली खोका निघण्याच्या आदल्या दिवशी. पोचल्यावर पैसे ही सवय एकदा लावली की ती मोडता येत नाही. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो एका मिनिटात बनवता येतो. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्यावरच लेबल बदला. पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि कुणी पाठवलेला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे घरात फोन हाताळणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. 'कँटीनसाठी ५० पेट्या हव्यात, भावाची घासाघीस नाही, क्यूआर पाठवतो' म्हणणारा ग्राहक नसतो. 'चुकून जास्त गेले, परत करा' म्हणणाऱ्यालाही आधी खातं बघूनच उत्तर द्या.

तोड आणि भरणी

इथे घाई केली तर वरचं सगळं फुकट. आंबा चौदा आणे तयार झाल्यावर काढा. देठाजवळचे खांदे वर आलेले असतात, देठाशी खळगा पडतो, गर्द हिरवा रंग फिकट होतो. शंका असेल तर दोन-चार फळं पाण्याच्या बादलीत टाका: तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. बारा आण्यांचा आंबा पिकतो, पण सुरकुततो आणि आंबट राहतो. पूर्ण सोळा आणे झाडावर ठेवला तर साक्याचं, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचं, प्रमाण वाढतं.

सकाळी ऊन चढायच्या आत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला देठासकट फळ कापतो, फळ जमिनीवर पडत नाही. देठ एक-दोन सेंटीमीटर ठेवा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळा डाग पडतो. तो चार दिवसांनी, ग्राहकाच्या घरात दिसतो. काढलेली फळं सावलीत ठेवा. उन्हात अर्धा तास राहिलेली पाटी वेगळी काढून गावातच विका.

मग वजन. प्रत्येक फळ काट्यावर. डोळ्यांनी आकार लावणारे अनुभवी हातही दिवसाच्या शेवटी दमतात. गट करा, प्रत्येक खोक्यात एकाच गटाचं फळ, आणि तेरावं फळ वर ठेवायला विसरू नका. कुठलंही एक फळ प्रवासात दुखावतंच. ते तेरावं फळ म्हणजे एक वाचलेला फोन.

खोका पाच थरांच्या पुठ्ठ्याचा, बाजूंना भोकं असलेला घ्या. तळाला कोरडा पेंढा किंवा कागदाच्या पट्ट्या, एका खोक्यात जास्तीत जास्त दोन थर, मध्ये पुठ्ठा. पेंढा दमट असेल तर दोन दिवसांत बुरशीचा वास येतो. खोका हलवून बघा: फळ आतल्या आत सरकलं तर भरणी सैल आहे. झाकण दाबावं लागलं तर घट्ट. झाकणावर मार्करने दोन तारखा लिहा, तोडीची आणि अंदाजे खाण्याची. आतल्या बाजूला व्हॉट्सॲपची शॉर्ट लिंक क्यूआर करून चिकटवा. तिच्यात आधीच लिहिलेला मजकूर ठेवता येतो. 'खोक्यावरून नंबर मिळाला' असा ठेवलात तर शेजाऱ्याकडे बघून कोण आलं ते कळतं.

सणाचा हिशेब उलटा धरा. मार्चमध्ये रात्री थंड असतात तेव्हा आंबा पिकायला बारा-पंधरा दिवस घेतो, मे महिन्यात आठ-नऊ. अक्षय्य तृतीयेला ताटात हवा असेल तर तोड साधारण बारा दिवस आधी, अढीत, म्हणजे पेंढ्यात पिकायला रचून, चार-पाच दिवस, मग रवानगी. पिवळा झालेला आंबा गाडीत घालू नका, तो हिरव्यावर रंग फिरायला लागला की निघाला पाहिजे. पिकवण्यासाठी कार्बाइड वापरायला बंदी आहे. इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो, पण पेंढ्याच्या अढीला त्याची गरज नाही.

रवानगी

रत्नागिरी-देवगडहून संध्याकाळी निघालेली गाडी पहाटे मुंबईत असते, म्हणून रात्रीचीच गाडी निवडा. दिवसभर बंद डिकीत तापलेला आंबा बाहेरून चांगला दिसतो आणि आतून उकडलेला निघतो. ट्रॅव्हल्सच्या डिकीत खोके सगळ्यात आधी ठेवले जातात आणि त्यांवर प्रवाशांच्या बॅगा येतात. चालकाशी आधी बोला, खोके शेवटी आणि वर ठेवायला सांगा, थोडे जास्त पैसे द्या. पाचपेक्षा जास्त खोके एकावर एक नकोत. पावती आणि खोक्यावरचं नाव दोन्ही दिसतील असा फोटो काढून ग्राहकाला पाठवा, सोबत उतरवण्याचं ठिकाण आणि वेळ.

खोका पोचल्यावर

त्याच दिवशी हा संदेश जाऊ द्या: 'खोका आजच उघडा. आंबे कागदावर किंवा पेंढ्यावर एका थरात पसरा, रोज एकदा परता. पिकण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नका. वास सुटला आणि बोटाखाली हलकं दबलं की खायला तयार.' फ्रिजबद्दलची ओळ ठळक लिहा. हिरवा हापूस १२-१३ अंशांच्या खाली गेला की पुढे नीट पिकत नाही, साल काळवंडते, आणि दोष बागेवर येतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी 'पिकला का?' एवढंच विचारा. तक्रार असेल तर तेव्हाच कळते. नाहीतर ती तुम्हाला न सांगता सोसायटीच्या ग्रुपवर जाते. साका हा बाहेरून दिसत नाही. कापल्यावर गराचा भाग पांढरट, स्पंजासारखा निघतो. तो बागायतदाराची लबाडी नाही, पण ग्राहकाला ते समजावत बसू नका. नियम आधीच ठरवा: कापलेल्या फळाचा फोटो, पिकल्यापासून दोन दिवसांत, जेवढी फळं तेवढी पुढच्या खोक्यात किंवा तेवढे पैसे परत. हिशेबात धरलेले १०० रुपये यासाठीच होते. एकाच खोक्यात चार-पाच फळं साक्याची निघाली तर त्या दिवशीची तोड उशिरा झाली आहे, असं समजून उरलेले खोके तपासा.

नाव आणि दावे

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे येतात. पण मानांकनाचं चिन्ह खोक्यावर छापायचं असेल तर स्वतःची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी, केवळ बाग कोकणात असून भागत नाही. राजापूरच्या आंब्यावर देवगड लिहू नका. स्वतःच्या गावाचं नाव लिहा, ते दुसऱ्या वर्षापासून चालायला लागतं. प्रमाणपत्राशिवाय 'सेंद्रिय' लिहू नका. आणि माल कमी पडला म्हणून बाजारातून पेटी आणून स्वतःच्या खोक्यात भरू नका. शेजाऱ्याच्या बागेतला आंबा घ्यावाच लागला तर ग्राहकाला सांगून द्या.

आमसुलं, आगळ (कोकमाचा रस), आंबापोळी अशा प्रक्रिया केलेल्या वस्तू त्याच ग्राहकांना पावसाळ्यात विकता येतात, पण तिथे अन्न सुरक्षा नोंदणी लागते. लेबलवर चौदा अंकी नोंदणी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापराची मुदत, किंमत, पत्ता आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह हवं. आगळ काचेच्या बाटलीत पाठवू नका. एक फुटली की पूर्ण पार्सल जांभळं होतं.

वही

शेवटचा खोका गेला की जूनमध्ये एक संध्याकाळ काढा आणि फोनमधलं सगळं वहीत उतरवा: नाव, भाग, किती खोके, कुठला आकार, कोणत्या आठवड्यात, किती फळं खराब, कोणाच्या ओळखीने आले. एक नोंद अशी दिसते: 'मुलुंड, मिश्र २ डझन, ३ वेळा, मे १ ते ३ आठवडा, २ फळं साका, खोक्यावरून.' पुढच्या फेब्रुवारीत, फळ गोटीएवढं असताना, या माणसाला पहिला संदेश जातो आणि त्यात मिश्र खोक्याचीच चौकशी असते.